कानात आवाज, समोर बंदर: फोर्ट कोची आणि मट्टांचेरीची ऑडिओ टूर

जानेवारीत कोचीला चार दिवस राहणे झाले. त्यातला एक पूर्ण दिवस मी आणि माझी अडुसष्ट वर्षांची आई, अशा आम्ही दोघांनी फोर्ट कोची आणि मट्टांचेरी या जुन्या बंदरवस्त्या पायी पाहण्यासाठी राखून ठेवला होता. आईचा उजवा गुडघा दुखतो. वाटाड्यासोबत, गटातून फिरायचे म्हटले की तिला बसावेसे वाटते तिथे बसता येत नाही आणि जिथे तिला काही पाहायचे नसते तिथे वीस मिनिटे उभे राहावे लागते. म्हणून यावेळी वाटाड्या न घेता, मोबाइलवर चालणारी, आपले आपण फिरण्याची ऑडिओ टूर विकत घेतली. आपण एखाद्या ठिकाणी पोहोचलो की फोन जागा ओळखतो आणि त्या ठिकाणाची माहिती कानात सुरू होते. थांबवायची तेव्हा थांबवता येते, पुन्हा ऐकता येते, आणि सगळा मजकूर आधी उतरवून घेतला असेल तर इंटरनेटचीही गरज पडत नाही. टूरचे नाव देत नाही, कारण अशा टूर अनेक कंपन्या विकतात, त्यांचा मजकूर वरचेवर बदलतो आणि मला जे म्हणायचे आहे ते एका कंपनीपेक्षा ही गोष्ट सांगण्याच्या पद्धतीविषयी अधिक आहे.

आधीच सांगून टाकतो: ही टूर घेण्यासारखी आहे. फोर्ट कोचीच्या निम्म्या वाटेत तिने आम्हाला जे दाखवले ते आमचे आम्हाला दिसले नसते. मात्र मट्टांचेरीत शिरल्यावर ती अपुरी पडते, आणि ती का अपुरी पडते हे एखाद्या मराठी वाचकाला, विशेषतः कोकणातल्या वाचकाला, चटकन लक्षात येईल असे मला वाटते.

टूर सुरू होते ती किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांपाशी. माझा सल्ला असा, की तिथला पहिला तुकडा एर्नाकुळमहून येताना बोटीतच ऐकावा. जलमेट्रोची फोर्ट कोचीपर्यंतची सेवा 2024 साली सुरू झाली. हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून ती बोट निघाली की एका बाजूला वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या उंच क्रेन आणि दुसऱ्या बाजूला विलिंग्डन बेट दिसत राहते. कोचीचे बंदर झाले कसे, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. 1341 साली पेरियार नदीला मोठा पूर आला, त्या गाळाने प्राचीन मुझिरिसचे बंदर बुजले आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे मानले जाते. पहिल्या तुकड्यात हे फार नेटके सांगितले आहे. निवेदिकेचा आवाज संथ आहे, नावांचे उच्चार ती काळजीपूर्वक करते आणि ऐकणाऱ्याला ठिकाण डोळ्यांपुढे आणता येईल इतका वेळ देते.

पण ही टूर त्यानंतर बंदराकडे जवळजवळ पाठ फिरवते. ज्या विलिंग्डन बेटाशेजारून आपण आलो ते बेट निसर्गाने केलेले नाही, हे ती सांगत नाही. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज अभियंता 1920 साली कोचीला आला. मुखाशी असलेला वाळूचा दांडा मोठ्या जहाजांना आत येऊ देत नव्हता. तो कापून खोल वाट काढली गेली आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभे राहिले. 1928 च्या मे महिन्यात 'पद्मा' नावाची आगबोट त्या नव्या वाटेने आत आली, आणि ती मुंबईहून आली होती. जे शहर बंदर म्हणून आजही पोट भरते, त्याच्या विसाव्या शतकातल्या या पुनर्जन्माला ध्वनिफितीत दोन मिनिटे मिळायला हवी होती.

चिनी जाळ्यांचा तुकडा मात्र फार चांगला आहे, आणि तो ऐकताना आम्ही तिथे जवळजवळ पाऊण तास बसलो. मल्याळममध्ये याला 'चीनवला' म्हणतात. किनाऱ्यावर रोवलेली प्रचंड तिकटी, तिच्या पुढच्या टोकाला झोळीसारखे ताणलेले चौकोनी जाळे आणि मागच्या बाजूला दोरांना एकाखाली एक टांगलेले दगड, अशी ही रचना दुरून पाहिली तर एखाद्या मोठ्या पाणपक्ष्यासारखी दिसते. जवळ गेल्यावर तिचे गणित कळते. दगडांचे वजन आणि जाळ्याचे वजन असे तोलून धरलेले असते, की मुख्य तुळईवरून एक माणूस पुढे चालत गेला तरी त्याच्या भाराने जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटांनी चार-पाच माणसे मागचे दोर ओढतात, दगड एकेक करून खाली जमिनीला टेकत जातात आणि जाळे पाणी गाळत वर येते. आम्ही पाहिले तेव्हा त्यात मूठभर लहान मासे, एक खेकडा आणि भरपूर पाणवेली आल्या. आईचे माहेर मालवणजवळचे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना अख्खा वाडा किनाऱ्यावर कसा येत असे हे तिने पाहिलेले आहे, त्यामुळे दोर ओढणाऱ्यांच्या पायांची ठेवण ती फार बारकाईने पाहत होती. रापणीत माणसे समुद्राकडे तोंड करून मागे सरकतात, इथे दोर वरून खाली येतो म्हणून अंगाचा भार वेगळ्या तऱ्हेने टाकावा लागतो, हे तिने मला दाखवले.

जाळ्यांच्या उगमाविषयी टूर एकच गोष्ट ठामपणे सांगते, की चौदाव्या-पंधराव्या शतकात चिनी व्यापाऱ्यांनी ती आणली. ही समजूत लोकप्रिय आहे आणि नावही तेच सांगते. पण पोर्तुगीजांनी ती मकावहून आणली असेही एक मत आहे. ऐकणाऱ्याला दोन मते सांगितल्याने गोष्ट कमी रंजक होत नाही. उलट, समोरच्या लाकडाकडे तो अधिक लक्ष देऊन पाहतो.

तिथून टूर आपल्याला आत वळवते आणि सगळ्यात आधी एक प्रश्न सोडवते: फोर्ट कोचीत फोर्ट कुठे आहे? मुंबईच्या फोर्टमध्ये हिंडणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही, कारण तिथलाही तट 1860 च्या दशकात पाडला गेला आणि नाव तेवढे राहिले. कोचीत पोर्तुगीजांनी 1503 साली किल्ला बांधला आणि आपल्या राजाच्या नावावरून त्याला इमॅन्युएल म्हटले. भारतातला हा पहिला युरोपीय किल्ला. 1663 मध्ये डचांनी कोची घेतली तेव्हा त्यांनी तो आवरून लहान केला, आणि 1795 मध्ये इंग्रज आल्यावर पुढे 1806 मध्ये उरलासुरला तट पाडून टाकला. आज किनाऱ्याजवळ काही अवशेष दिसतात, ते पाहायला नजर हवी. निवेदिका सांगते, 'डावीकडच्या गवतात वाका.' आम्ही वाकलो, आणि खरोखर तिथे जांभ्याचे दोन-तीन दगड एका ओळीत होते. अशा जागी ही पद्धत आपले मोल पुरेपूर परत करते, कारण छापील नकाशावर तो दगड कधीच सापडला नसता.

या टूरमधला सर्वांत चांगला थांबा सेंट फ्रान्सिस चर्चचा आहे. 1503 मध्ये इथे लाकडाचे प्रार्थनाघर उभे राहिले, नंतर ते दगडाचे झाले. पोर्तुगीजांच्या काळात कॅथलिक, डचांच्या काळात प्रॉटेस्टंट, इंग्रजांच्या काळात अँग्लिकन आणि आता चर्च ऑफ साउथ इंडियाचे, असे एकाच छपराखाली तीन वेळा धर्मपंथ बदलल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. वास्को द गामा 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला आणि त्याला इथे पुरले. चौदा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. त्याच्या थडग्याची जागा म्हणून जमिनीतला दगड कठड्याने घेरून ठेवला आहे आणि बहुतेक पर्यटक त्याचा फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर पडतात. टूर मात्र तिथे जास्त वेळ घालवत नाही. ती आपल्याला भिंतींकडे नेते, जिथे जमिनीतून उचललेल्या पोर्तुगीज आणि डच थडग्यांच्या शिळा उभ्या बसवल्या आहेत, त्यांवरची जहाजे, कवट्या आणि कुलचिन्हे एकेक करून दाखवते, आणि मग छताकडे पाहायला सांगते. तिथे कापडाचे लांब पंखे टांगलेले आहेत. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात. आतली मंडळी प्रार्थना करत असताना ते दोर बाहेर उन्हात बसलेला माणूस ओढत असे. निवेदिका इथे काही सेकंद गप्प राहते. आई बाकावर बसून त्या भोकांकडे बराच वेळ पाहत होती आणि आम्ही हा तुकडा दोनदा ऐकला.

त्यानंतर मात्र टूरची पहिली मोठी चूक वाट्याला आली. डच स्मशानभूमीपाशी आवाज म्हणाला, की फाटक उघडून आत या आणि डाव्या बाजूच्या तिसऱ्या थडग्याजवळ उभे राहा. फाटकाला कुलूप होते. 1724 ची ही स्मशानभूमी एरवी बंदच असते, हे समोरच्या रस्त्यावर शहाळी विकणाऱ्यांनी आम्हाला सांगितले. आम्ही गजांमधून आत पाहत साडेचार मिनिटांचा तुकडा ऐकला. त्यात वर्णन केलेले काहीच आम्हाला नीट दिसत नव्हते. ज्यांनी हा मजकूर लिहिला त्यांना बहुधा एखाद्या दिवशी आत जाता आले असेल आणि त्यांनी तेच गृहीत धरले असेल. पैसे घेऊन विकलेल्या मार्गदर्शनात अशी गृहीते चालत नाहीत. दर काही महिन्यांनी कोणीतरी ती वाट पुन्हा चालून पाहायला हवी.

सांताक्रूझ बॅसिलिका, प्रिन्सेस स्ट्रीट आणि परेड मैदान हे थांबे ठीक आहेत. मैदानावर मुले क्रिकेट खेळत होती, भोवती रेन ट्रींची प्रचंड सावली होती आणि तिथल्या बाकावर आम्ही डबा उघडला. बॅसिलिकेची आजची इमारत 1905 ची आहे. पोर्तुगीजांची मूळ वास्तू इंग्रजांनी पाडली. हे सांगून झाल्यावर पुढचे सहा मिनिटांचे वर्णन कमी केले असते तरी चालले असते.

आता तांत्रिक बाजू. फोनची बॅटरी दुपारी एकपर्यंत पंचवीस टक्क्यांवर आली, म्हणून सोबत पॉवर बँक हवीच. दोन्ही कानांत हेडफोन घालून चालू नये, कारण इथल्या अरुंद रस्त्यांवर रिक्षा आणि दुचाकी अगदी खेटून जातात. आम्ही एकेक कान वाटून घेतला आणि तो प्रकार आम्हा दोघांनाही आवडला, कारण ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता येत होते. जागा ओळखण्याची यंत्रणा मोकळ्या भागात अचूक आहे, पण मट्टांचेरीच्या गल्ल्यांत ती दोनदा भलत्याच तुकड्यावर उडी मारून गेली. निवेदन फक्त इंग्रजीत आहे. आईला इंग्रजी वाचता येते, परंतु सलग ऐकताना काही शब्द निसटतात, म्हणून ती मजकुराचे लेखी रूप पडद्यावर वाचत होती. ते रूप दिले आहे ही कंपनीची चांगली गोष्ट, मात्र अक्षरे मोठी करण्याची सोय हवी होती. टूर अडीच तासांची आहे असे लिहिले आहे, आम्हाला सकाळी साडेसातपासून संध्याकाळचे साडेपाच वाजले. ज्याला अडीच तासांत संपवायची असेल त्याला मट्टांचेरीचा राजवाडा आणि तिथले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बाहेरूनच पाहावे लागेल.

फोर्ट कोचीतून मट्टांचेरीकडे जाताना कल्वत्ती कालवा ओलांडून बाजार रोड लागतो, आणि माझी खरी तक्रार इथे सुरू होते. जवळजवळ दीड किलोमीटरच्या या रस्त्यावर टूर गप्प बसते. पडद्यावर एक बाण दिसतो, 'पुढे चालत राहा' असा संदेश येतो, आणि आवाज परत सुरू होतो तो थेट राजवाड्याच्या दाराशी. ज्या मिऱ्यासाठी पोर्तुगीज आले, डच आले, ज्याच्यासाठी कोचीचा राजा आणि कोळिकोडचा, म्हणजे कालिकतचा, राजा सामूतिरी एकमेकांशी झगडले, ते मिरे, सुंठ, वेलदोडा, चहा आणि तांदूळ यांची घाऊक गोदामे याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि त्यांची मागची दारे सरळ पाण्यावर उघडतात. एका गोदामाच्या उंबऱ्याशी आम्ही उभे राहिलो. आत ताडपत्रीवर सुंठ पसरलेली होती, दोन बाया सुपाने ती पाखडत होत्या आणि उडालेली धूळ वरच्या कौलांमधून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती. नाकाला इतकी झोंबली, की आईने पदर तोंडाला लावला. मालकांनी तिला आत बसायला खुर्ची दिली आणि मूठभर मिरे तिच्या तळहातावर ठेवले. तिने एक दाणा दातांखाली फोडला आणि आमच्या परसातल्या सुपारीवर चढवलेल्या वेलाच्या मिऱ्याशी त्याची तुलना करत ती त्यांच्याशी खुणांनी बोलत राहिली. तिथून शंभर पावलांवरही टूरला सांगण्यासारखे काही सापडले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. पुढे ज्यू टाऊनमध्येच मिऱ्याच्या वायद्यांचा बाजार कित्येक वर्षे प्रत्यक्ष आरोळ्या देऊन चालत असे, त्याचाही उल्लेख नाही. इमारतीला जन्मतारीख असते म्हणून तिचे वर्णन लिहिणे सोपे जाते. मालाचे आणि माणसांचे वर्णन लिहायला तिथे जाऊन बसावे लागते.

मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला आणि पुढे डचांनी तो दुरुस्त केला, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. बाहेरून तो साधा, आत मात्र राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून रामाच्या अयोध्येला परतण्यापर्यंतचे रामायण तांबड्या, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत दाटीवाटीने रंगवलेले आहे. टूर इथे रंग कसे तयार करत, आकृत्यांच्या डोळ्यांची आणि मुकुटांची घडण कशी असते, हे शांतपणे समजावते, आणि आधी एका भिंतीवर एकच आकृती निवडून तिच्याभोवती नजर फिरवायला सांगते. हा सल्ला उत्तम आहे, कारण पहिल्या नजरेत तिथे रंगांचा नुसता गजबजाट वाटतो. जमिनीकडेही लक्ष वेधले जाते. काळ्या संगमरवरासारखी चकाकणारी ती जमीन जळक्या करवंट्या, कोळसा, चुना, वनस्पतींचे रस आणि अंड्याचा पांढरा बलक यांनी केलेली आहे. करवंटीची राख घालून सारवलेली जमीन आईने लहानपणी पाहिली होती, त्यामुळे ती खाली वाकून हात फिरवून पाहणार होती. पहारेकऱ्यांनी नम्रपणे नको म्हटले.

राजवाड्याला लागूनच 1568 चे परदेशी सिनेगॉग आहे. पायातल्या वहाणा बाहेर काढून आत गेल्यावर तळपायांना ज्या गार फरशा लागतात त्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या चिनी फरशा आहेत. त्या आणि बाहेरचा 1760 चा घड्याळाचा मनोरा, ही दोन्ही कामे डच कंपनीशी व्यापार करणाऱ्या एझेकिएल रहाबी या ज्यू व्यापाऱ्याने केली. मनोऱ्याच्या वेगवेगळ्या तबकड्यांवर मल्याळम, हिब्रू आणि रोमन आकडे आहेत, आणि बंदरातल्या माणसांनी वेळ कोणकोणत्या लिपींतून वाचली हे त्यातून एका नजरेत दिसते. कोचीच्या ज्यूंपैकी बहुतेक जण 1950 च्या दशकात इस्राएलला गेले, हे टूर हळुवारपणे सांगते. मराठी ऐकणाऱ्याला त्यात आणखी एक धागा हवा होता: आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावोगाव शनवार तेली म्हणत, त्यांना धर्मग्रंथ आणि हिब्रू शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू शिक्षक आले होते.

एक व्यवहाराची गोष्ट टूर सांगत नाही आणि तिच्यावाचून पूर्ण दिवस वाया जाऊ शकतो. राजवाडा शुक्रवारी बंद असतो, सिनेगॉग शनिवारी बंद असते आणि शुक्रवारी दुपारनंतरही ते पाहायला मिळत नाही. आम्ही योगायोगाने मंगळवारी गेलो म्हणून दोन्ही पाहता आले.

टूर ज्यू टाऊनमध्ये, अत्तरे आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांपाशी संपते. पण ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे लिहायला बसलो ती तिथून थोड्याच अंतरावर आहे. टूरच्या एका तुकड्यात 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचा उल्लेख येतो. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेड याने इथल्या वनस्पतींचा हा ग्रंथ तयार करून घेतला, आणि 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. त्यात 742 वनस्पती आहेत. टूर व्हान रेडला दीड मिनिट देते. तिने इट्टी अच्युदन या एळवा समाजातल्या वैद्यांचे नावही घेतले नाही, ज्यांच्या घरच्या ताडपत्रांतल्या ज्ञानावर हा ग्रंथ उभा आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी पंडितांचा उल्लेखही नाही. पहिल्या खंडात त्या तिघांनी दिलेले प्रमाणपत्र कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेले आहे. सतराव्या शतकात, अ‍ॅमस्टरडॅममध्ये, लॅटिन मजकुराच्या पानांमध्ये नागरी अक्षरे उमटली आणि ती लिहिणारे हात कोचीचे होते. हे वाक्य मला कानात ऐकायचे होते.

ही कोकणी माणसे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मसक्तीमुळे गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या सारस्वतांचे वंशज. मट्टांचेरीच्या चेरलाई भागात त्यांचे तिरुमल देवस्थान आहे, तळे आहे आणि भोवती त्यांची घरे आहेत. फोन खिशात ठेवून आम्ही विचारत विचारत तिथे गेलो. एका घराच्या ओटीवर पापड वाळत घातले होते आणि शेजारी एक वयस्क बाई कागदाच्या पाकिटांना रबर लावत बसल्या होत्या. आईने मालवणीत विचारले, की हे उडदाचे का. त्यांनी मान वर केली, क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि आपल्या कोकणीत उत्तर दिले. पुढची वीस मिनिटे त्या दोघी बोलत होत्या. मधले अनेक शब्द मल्याळमचे होते आणि ते आम्हाला कळत नव्हते, पण मीठ, तांदूळ, नारळ, सून, लेक, पाऊस एवढे दोन्हीकडे पोहोचत होते. त्या बाईंनी आईला आत नेऊन घोटभर ताक दिले. मी ओटीवर बसून होतो. चारशे वर्षांपूर्वी गोव्यातून निघालेली भाषा, मधल्या सगळ्या राजवटींमधून, एका घराच्या स्वयंपाकघरात इतकी जिवंत राहिलेली मी याआधी ऐकली नव्हती. निवेदिकेने दिवसभरात जे अठरा तुकडे ऐकवले त्यांत या रस्त्यावरचा एकही नव्हता.

मी कंपनीला लिहिले आहे. डच स्मशानभूमीचा तुकडा बदला किंवा फाटकाबाहेरून दिसेल तेवढेच सांगा, बाजार रोडवर निदान एक थांबा द्या, आणि टूरचा शेवट ज्यू टाऊनऐवजी चेरलाईला करा, असे त्यात सविस्तर कळवले आहे. दोन दिवसांनी उत्तर आले, की पहिली दुरुस्ती लगेच करत आहोत आणि उरलेल्या दोन्हींचा विचार करू. तोपर्यंत ज्यांना जायचे आहे त्यांनी टूर जरूर घ्यावी. जाळी, किल्ल्याचे दगड, सेंट फ्रान्सिस आणि राजवाड्यातली भित्तिचित्रे एवढ्यासाठीच ती घेण्यासारखी आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला आपल्या चालीने चालू देणारा दुसरा चांगला पर्याय मला माहीत नाही. फक्त कल्वत्ती कालव्याच्या पुलावर हेडफोन काढून ठेवावेत, गोदामांच्या उंबऱ्यांवर रेंगाळावे आणि राजवाड्यापाशी ते पुन्हा घालावेत.

पुढच्या खेपेला आम्ही क्रम उलटा करणार आहोत. सकाळी चेरलाई, मग बाजार रोड, आणि उन्हे उतरताना चिनी जाळी. आईने त्या पापडवाल्या बाईंना तसे सांगूनही ठेवले आहे, आणि येताना मालवणचे कोकम घेऊन येण्याचे कबूल केले आहे.